ग्लॅमरस सुपरहिरोइनच्या जुन्या कथांचा कोणता संग्रह घ्यावा?

डोळे झाकून 'मिस फ्युरी' घ्या. टार्पे मिल्स या चित्रकर्तीने ही रविवारची चित्रपट्टी एप्रिल १९४१मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू केली, म्हणजे वंडर वुमनच्याही काही महिने आधी. बाईंचं खरं नाव जून. चित्रकार बाई आहे हे कळू नये म्हणून टार्पे. नायिका मार्ला ड्रेक ही बड्या घरची पोरगी काळ्या बिबट्याच्या कातड्याचा घट्ट पोशाख चढवून गुंडांशी आणि नात्झी हेरांशी भिडते. गंमत म्हणजे तो पोशाख ती फारसा घालतच नाही, उंची गाऊनमध्येच वावरते. आणि ते गाऊन काय निगुतीने काढलेत! ट्रिना रॉबिन्स यांनी संपादित केलेले दोन खंड आहेत. कथा क्रमशः आहे, त्यामुळे १९४१-४४चा आधी वाचा.