नावातले स्प्रेंगर

प्रश्न : कुंडीच्या काठावरून खाली झेपावणाऱ्या ‘अ‍ॅस्परागस स्प्रेंगेरी’ या झाडाच्या नावातील स्प्रेंगर कोण? हे झाड त्यांनीच शोधले का?

उत्तर : कार्ल लुडविग स्प्रेंगर (१८४६–१९१७) हे जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात, ग्युस्ट्रो येथे जन्मलेले वनस्पतिज्ञ, त्यांची कर्मभूमी मात्र इटली. १८७७च्या सुमारास ते नेपल्सला गेले आणि शहरालगतच्या ‘डामान आणि कंपनी’ या रोपे व बियाणे विकणाऱ्या पेढीचे भागीदार झाले. आपण विचारलेले झाड म्हणजे शतावरीची एक जात, ती मूळची दक्षिण आफ्रिकेतील असून ती याच पेढीमार्फत युरोपच्या बागांत पोचली. तिचे शास्त्रीय वर्णन १८९०मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रेगेल यांनी केले आणि नाव स्प्रेंगर यांचे दिले. तेव्हा शोधाचे नव्हे, तर रुजवून प्रसार करण्याचे श्रेय त्यांचे. माझ्या मते तेही कमी नाही. (जाता जाता, या झाडाची आपण ज्यांना पाने म्हणतो, त्या खरे तर हिरव्या, चपट्या काड्या असतात.)

स्वतःच्या हातचे त्यांचे मोठे काम कर्दळीवरचे. फ्लोरिडाकडील पिवळ्या फुलांच्या ‘कॅना फ्लॅसिडा’चा बागेतील कर्दळींशी संकर करून त्यांनी रुंद, मऊ पाकळ्यांचे जे वाण तयार केले, ते इटालियन कर्दळी म्हणून ओळखले जातात. फूल देखणे खरे, पण इतके नाजूक, की कडक उन्हात लवकर मान टाकते.

१९०६मध्ये नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि राखेखाली त्यांच्या संग्रहाची मोठी हानी झाली. पुढच्याच वर्षी जर्मन सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म याने ग्रीसच्या कॉर्फू बेटावरील अकिलियॉन राजवाडा विकत घेतला व तेथील बागेची देखरेख स्प्रेंगर यांच्याकडे सोपवली. पहिले महायुद्ध चालू असताना त्याच बेटावर त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचे एक ट्यूलिपही आहे. तुर्कस्तानातील अमास्याच्या परिसरातून आलेल्या कंदांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ बेकर यांनी १८९४मध्ये ‘ट्यूलिपा स्प्रेंगेरी’चे वर्णन केले. इतर ट्यूलिप सरल्यावर, मेअखेरीस, हे लालभडक फूल उमलते. बाहेरच्या पाकळ्यांची पाठ मात्र फिकट, मातकट असते. रानातून ते नाहीसे झाले असे मानले जाते, बागांत मात्र पडलेल्या बियांतून आपोआप उगवते, फक्त फुलावर येण्यासाठी त्या रोपाला काही वर्षे द्यावी लागतात.