पाटल्या गहाण ठेवून फोर बाय फोर काढावं का?

धायरीच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडक्यात असं: "२०१६ ची फोर बाय फोर पिकअप आहे (चारही चाकांना ताकद देता येते अशी), पिवळी पाटी. आधी वेल्हे-पानशेतकडे सोलर पंप बसवायची कामं होती, पावसाळ्यात चिखलातूनच जावं लागायचं. आता दोन वर्षं उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून रोपं आणि कुंड्या उचलून बाणेर-वाकडच्या सोसायट्यांना पोचवतो. महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात, ॲव्हरेज ११ चं. हल्ली गाडीखालून घरघर येते. गॅरेजवाले म्हणतात, ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याची) बेअरिंग बदलायला २२ हजार लागतील, त्यापेक्षा ६२ हजारांत गाडी फोर बाय टू, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी, करून घ्या, ॲव्हरेज १३ वर जाईल. भिशीचे २२ हजार हातात आहेत. उरलेल्या ४० हजारांसाठी बायकोच्या पाटल्या ठेवायचा विचार आहे, महिना एक टक्क्याने सोनेतारण मिळतंय. ठेवू का?"

नका ठेवू. का ते सांगतो.

घरघर खरंच बेअरिंगची असेल तर २२ हजार कसेही जाणारच. म्हणून हिशेब ६२ हजारांचा नाही, वरच्या ४० हजारांचा करायचा. डिझेल ९० रुपये धरलं, तर आज तुमचं महिन्याचं डिझेल सुमारे १२,२७० रुपयांचं होतं. ॲव्हरेज १३ झालं तर ते १०,३८५ वर येईल, म्हणजे महिना १,९०० च्या आसपास वाचतील आणि पावणेदोन वर्षांत ४० हजार वसूल. कागदावर सौदा चांगला दिसतो. पण सगळा डोलारा त्या १३ च्या आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा मला पटत नाही.

तुमची गाडी आजही रस्त्यावर फोर बाय टूच चालते. लीव्हर टू-एचवर, म्हणजे नेहमीच्या दोन चाकांच्या खुणेवर असला की ट्रान्सफर केस पुढच्या चाकांना ताकद देतच नाही, इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर जातो. पुढचे हब (पुढच्या चाकांना त्यांच्या ॲक्सलशी जोडणारे-सोडवणारे भाग) सुटलेले असतील तर पुढचा प्रोपेलर शाफ्टही, म्हणजे ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफरन्शियलला जाणारा दांडाही, फारसा फिरत नाही. मग सगळं काढून वाचणार काय? मुख्यतः वजन. पुढचं डिफरन्शियल, शाफ्ट आणि ट्रान्सफर केस मिळून ढोबळ शंभरेक किलो धरा. तुमच्या हौद्यातल्या मातीने भरलेल्या चार-पाच मोठ्या कुंड्या. तेवढ्याने ११ चं साडेअकरा झालं तरी मी ते भरपूर मानेन. साडेअकराला महिन्याची बचत साधारण ५३० रुपये. त्यातले ४०० पाटल्यांच्या व्याजात जाणार. उरले १३०. व्याज बाजूला ठेवलं तरी मुद्दल वसूल व्हायला सव्वासहा वर्षं लागतील, आणि गाडी आत्ताच जुनी आहे.

ॲव्हरेज खरोखरच कमी मिळतंय असं वाटत असेल तर आधी हब बघा. मुळशीत भातशेती असलेले माझे एक ग्राहक असेच वैतागले होते. मिस्त्रींनी गाडी सपाट जागेवर उभी केली, चाकांना दगड लावले, लीव्हर टू-एचवर ठेवला आणि खाली सरकून पुढच्या प्रोपेलर शाफ्टला हात घातला. शाफ्ट हलेना. हब आत चिखल आणि वाळलेल्या ग्रीसने जाम होऊन गुंतलेलेच राहिले होते, म्हणजे पुढचा सगळा सरंजाम प्रत्येक किलोमीटरला चाकांबरोबर फुकट फिरत होता. हब उघडले, रॉकेलने धुतले, नवीन ग्रीस भरलं. नंतर तोच शाफ्ट एका हाताने फिरला. मजुरीसकट खर्च साडेतीन हजार. आणखी एक गोष्ट पुष्कळ चालकांना कुणी सांगितलेलीच नसते: बऱ्याच जुन्या ऑटो हबांमध्ये लीव्हर टू-एचवर टाकल्यावर गाडी दोन-तीन मीटर सरळ मागे घ्यावी लागते, तेव्हा हब सुटतात. तुम्ही वेल्ह्याच्या चिखलातून बाहेर पडून तसेच पुढे निघत होतात का, आठवून बघा.

ट्रान्सफर केसचं ऑइल गिअरबॉक्सपेक्षा वेगळं असतं आणि सर्व्हिसिंगमध्ये हमखास राहून जातं. घरघरीचं कारण तेच निघालं तर २२ हजारही वाचतील. पण आवाज अंगावर काढू नका, कारण मागच्या चाकांची ताकदही त्याच ट्रान्सफर केसमधून जाते. फोर बाय टू करायला ६२ हजार लागतात तेही म्हणूनच. नुसता पुढचा शाफ्ट उतरवून भागत नाही, फोर बाय टूचा गिअरबॉक्स आणि वेगळ्या लांबीचा मागचा शाफ्ट लागतो, आणि गॅरेजवाले तो भंगारातल्या गाडीचाच आणणार. त्याची हमी कोण देणार, हे त्यांना लेखी विचारा.

कागदपत्रांची बाजू मला पैशांहून जास्त काळजीची वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजनसुद्धा लिहिलेलं असतं. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, म्हणजे हा प्रश्न तुमच्यापुढे वर्षातून एकदा उभा राहणार. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळेल. रोजची कमाई ज्या गाडीवर आहे तिच्या क्लेमवर असा धोका घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोर बाय फोर तुम्हाला पुन्हा कधीच लागणार नसेल तर गाडी आहे तशी विका. मुळशी, वेल्हे, भोरकडे शेत किंवा डोंगरउतारावर घर असलेल्यांना अशीच गाडी हवी असते. बदललेली गाडी त्यांच्या कामाची नाही, आणि फोर बाय टू शोधणारा आरसी बघून भाव पाडणार. दोन दलालांकडून आजचा भाव काढा, मग साध्या पिकअपच्या किमतीशी ताडून बघा. फरक तुमच्या बाजूने आला तर तो व्यवहार मला आवडेल, कर्जाशिवाय होत असेल तर.

सध्या एवढंच करा. या रविवारी दुसऱ्या मिस्त्रींकडे हब आणि ऑइल तपासून घ्या, गॅरेजवाल्यांना त्या आधी काही सांगू नका. पुढचे चार वेळा टाकी फुल करून लिटर आणि किलोमीटर वहीत लिहा. भिशीचे पैसे तोवर बँकेतच राहू देत. आणि शाफ्ट हाताने फिरला का, ते मला नक्की कळवा.