पहिली ऑर्केस्ट्रा रचना ऐकवताना

पहिली रचना पूर्ण झाली, अभिनंदन! आता ती जाणकारांना ऐकवाच. मात्र अख्खी सिंफनी नको, दोन-तीन मिनिटांचा एकच भाग द्या. सोबत स्कोअरची (सगळ्या वाद्यांच्या एकत्र लिहिलेल्या स्वरलिपीची) पीडीएफ हवीच, बार म्हणजे तालाच्या प्रत्येक खणाच्या नंबरांसकट. आणि "कशी वाटली?" असं मोघम विचारू नका. "४०व्या बारमध्ये फ्लूट ऐकू येते का?" असं विचारा.

फ्लूटचं उदाहरण मुद्दाम घेतलं. नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतो तो कॉम्प्युटरवरचा प्लेबॅक. फ्लूटचे खालचे स्वर मुळातच मऊ असतात. म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही तिचा आवाज वाढवता आणि ती तीन ट्रॉम्बोनांवरही (दणदणीत पितळी वाद्यांवरही) छान उठून ऐकू येते. खऱ्या सभागृहात ती पार बुडते. माझी पहिली धून अशीच हरवली होती, आणि ते मला एका ट्रॉम्बोनवादकानं स्कोअर बघूनच सांगितलं.

आणखी नेहमीच्या चुका:
- व्हायोलिनला तिच्या सगळ्यात खालच्या 'जी' (G) तारेपेक्षाही खालचा स्वर देणं.
- ओबो, ट्रम्पेट यांना श्वास घ्यायला जागाच न ठेवणं.
- डायनॅमिक्स, म्हणजे कुठे हळू आणि कुठे जोरात वाजवायचं, ते न लिहिणं.

टीका आली की लगेच खुलासे देत बसू नका. दोघातिघांनी एकाच बारवर बोट ठेवलं, तर तिथे नक्की काहीतरी अडतंय. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असं नाही. तो तुमचा तुम्ही शोधा.

हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले स्वर), डिविझी (एकाच गटातल्या वादकांना वेगवेगळे स्वर वाटून देणं) वगैरे पुढे बघू. आधी तो तीन मिनिटांचा भाग पाठवा, मी स्कोअर समोर ठेवून ऐकतो.