पाणी घालवलं नाहीत, आमच्याकडे धाडलंत

प्रश्न : आमच्या उपनगरातली नदी मोठ्या पावसात तळमजल्यात शिरते. आता पात्र सरळ करून दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती बांधायचा प्रस्ताव आला आहे. काही शेजारी म्हणतात, भिंती नकोत, नदी मोकळी करा. पक्षी येतील, फिरायला जागा होईल. मला पक्षी आवडतात, पण घरात चिखल नको. एकाच नदीकडून या तिन्ही गोष्टी मागता येतात का?

उत्तर : येतात. पण चिखलापासून सुरुवात करू.

नोकरीच्या सुरुवातीला मीही अशीच एक नदी सरळ केली होती. वळणं काढली, काठ गुळगुळीत केले, पाणी झरझर जाऊ लागलं आणि वस्तीनं कौतुक केलं. पुढच्याच पुरानंतर खालच्या पुलाजवळच्या एका आजोबांनी मला घरात नेलं आणि भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली. माझ्या खांद्याला लागत होती. म्हणाले, "बाई, तुम्ही पाणी घालवलं नाहीत, आमच्याकडे धाडलंत." त्यांचा हिशेब बरोबर होता. सरळ पात्रात वेग वाढतो, पसरायला जागा उरत नाही, त्यामुळे तेवढंच पाणी थोड्या वेळात खाली पोचतं आणि तिथली पातळी चढते. शिवाय भिंतीच्या आत, तुमच्या गल्ल्यांवर पडणाऱ्या पावसाचं काय? नदी फुगली की गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत येतं. त्यासाठी झडपा आणि पंप लागतात. भिंतीच्या अंदाजपत्रकात ते आहेत का, जरूर बघा.

नदीला हवी असते रुंदी. सिंगापूरच्या बिशान भागात 2.7 किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा फोडून त्याची साधारण 3.2 किलोमीटरची वळणदार नदी केली. ते उद्यान 2012 मध्ये खुलं झालं. पाऊस नसताना मधून बारीक धार वाहते आणि लोक काठच्या हिरवळीवर बसतात. जोराचा पाऊस आला की तीच हिरवळ नदीचं पात्र होते. पाणी वाढू लागलं की दिवे आणि भोंगे लोकांना वर जायला सांगतात. म्हणजे पूर आणि फेरफटका एकच पट्टा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. म्हणून त्या पट्ट्यात पायवाट चालेल, बाक चालतील, मैदान चालेल. वाहनतळ, जनित्र आणि विजेची पेटी मात्र नको.

पक्ष्यांचं म्हणाल तर नुसती झाडं लावून ते येत नाहीत. खंड्या मातीच्या उभ्या, उघड्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी अशी दरड आपोआप कोरते, आणि आपण ती 'नीट' करायला जातो. जिथे घर किंवा रस्ता धोक्यात नाही, तिथे ती राहू द्या. माशांना डोह लागतात आणि त्यांच्यामध्ये दगडगोट्यांवरून खळाळणारं उथळ पाणी. तिथे पाण्यात हवा मिसळते. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि पंख फुटण्याआधी लव्हाळ्याच्या काडीवर चढून कात टाकतात. गुळगुळीत भिंतीवर त्यांनी चढायचं कशाला धरून?

सांडपाणी तसंच सोडून काठ सजवणं हा मला सर्वांत चीड आणणारा प्रकार. म्युनिकमध्ये इझार नदीचा सुमारे 8 किलोमीटरचा पट्टा 2000 ते 2011 या काळात मोकळा केला, तेव्हा वरच्या अंगाच्या शुद्धीकरण केंद्रांत अतिनील किरणांनी जंतू मारायची सोयही झाली. लोक आज तिथे पोहतात ते नुसत्या गोट्यांच्या किनाऱ्यामुळे नव्हे. दक्षिण कोरियातल्या सोल शहराचा चाँगगेचॉन ओढा वरचा उड्डाणमार्ग पाडून 2005 मध्ये उघडा केला. देखणा आहे, पण त्यात पाणी मुख्यतः पंपांनी आणून सोडावं लागतं. तुमच्या नदीला पाऊस नसताना स्वतःचं पाणी किती उरतं, हे आधी मोजून घ्या.

एक इशारा. भिंत असो वा रुंद पात्र, 'शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी' असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चारात एक.

आणि प्रस्तावाचा नकाशा मागवा. तो तुमच्या वस्तीच्या हद्दीवर संपत असेल तर खालच्या पुलापर्यंतचा हिशेब करायला परत पाठवा.

प्रश्न : काठची झाडंझुडपं पूर अडवतात, ती तोडावीत का?

उत्तर : अडवतात, हे खरं. म्हणूनच ती हिशेबात धरून पात्राची रुंदी ठरवायची असते. लव्हाळी वाकून पाण्याला वाट देतात, आणि काठावरची मुळं माती धरतात, म्हणून तिथली झाडं राहू द्या. मुख्य धारेतली ताठ खोडं मात्र काढलेली बरी, विशेषतः पुलाच्या वरच्या अंगाची. पुरात एक ओंडका खांबाला अडकतो, त्याला प्लास्टिक आणि फांद्या अडकतात, आणि तासाभरात पुलाचं धरण होतं.