दोन सिनेमांची तुलना करणारा दहा मिनिटांचा व्हिडिओ एसे कॉलेजसाठी करायचाय, स्क्रिप्ट कशी लिहू?

तुझ्या प्रश्नाखालच्या डिटेल्समध्ये एक वाक्य आहे, "स्क्रिप्ट मी लिहितेय, एडिटिंग एक मित्र करून देणार आहे." ते वाचलं आणि एक्सपोर्टला लावलेलं काम तसंच सोडून इथे लिहायला बसले. करून देणार आहे म्हणे! जसं काही साडीला पिको-फॉल करून देणार आहे.

मी एडिटर आहे. पोटापाण्यासाठी कॉर्पोरेट फिल्म्स, लग्नांचे टीझर, मधेच कधी नशिबाने एखादी डॉक्युमेंटरी. मास कॉमला असताना आम्हालाही हाच प्रोजेक्ट होता, व्हिडिओ एसे म्हणजे सिनेमाच्याच क्लिपा जोडून वर निवेदन घातलेला निबंध, दोघादोघांच्या जोड्या, दोन सिनेमे, दहा मिनिटं. आमच्या व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवर माझ्या जोडीदाराचं नाव मोठ्या अक्षरात आहे, "संकल्पना, लेखन, निवेदन", आणि त्याखाली बारीक टायपात माझं, "तांत्रिक साहाय्य". ती पाटी अजून यूट्यूबवर आहे. वर्षं झाली, तरी कुणी व्हिडिओ एसे म्हटलं की मला आधी ती पाटी दिसते, त्यामुळे माझं उत्तर थोडं एकतर्फी असणार हे धरूनच वाच.

सिनेमे आम्ही चांगले निवडले होते, फँड्री आणि कोर्ट. फँड्री २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला, कोर्टने त्याच वर्षी व्हेनिसला बक्षीस मिळवलं आणि आपल्याकडे २०१५ मध्ये आला. नागराज मंजुळे काय, चैतन्य ताम्हाणे काय, दोघांचाही पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. विषय जवळजवळ एकच, जात, आणि कॅमेरा एकदम उलटा, म्हणजे एकात डुकरामागे पळणारा आणि दुसऱ्यात कोर्टाच्या खोलीत मागे ठाण मांडून बसलेला. तुलनेला अशीच जोडी लागते, विषय जवळचा आणि बघण्याची पद्धत लांबची. दोन्ही गोष्टी सारख्या असतील तर बोलायला काही उरत नाही आणि दोन्ही वेगळ्या असतील तर तुलना कशाची करणार.

माझ्या जोडीदाराला आपण कवी म्हणू, कारण तो कविता करायचा आणि अजूनही करतो. कवीने दोन्ही सिनेमे बघितले आणि लगेच वर्डमध्ये स्क्रिप्ट लिहून आणली. सुरुवात, सिनेमा हा समाजाचा आरसा असतो. पुढे दोन्ही दिग्दर्शकांचं बालपण, मग पुरस्कारांची यादी, मग "दोन्ही चित्रपट जातवास्तवावर प्रखर भाष्य करतात" आणि अशी पानंच्या पानं. मी विचारलं, या "प्रखर भाष्य"वाल्या वाक्यावर स्क्रीनवर काय दाखवू? तो म्हणाला, टाक काहीतरी.

तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. स्क्रिप्टमधलं प्रत्येक वाक्य घे आणि विचार की हे ऐकू येताना डोळ्यांसमोर काय असेल. उत्तर "टाक काहीतरी" येत असेल तर ते वाक्य उडव. दुसरी चाचणी, वाक्यातलं सिनेमाचं नाव बदलून दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाचं टाक. तरीही वाक्य खरं वाटत असेल तर ते तुझ्या व्हिडिओतलं नाहीच, गाइडमधलं आहे. "दोन्ही चित्रपट प्रखर भाष्य करतात" हे श्वासला लागू, सैराटला लागू, शोधलंस तर अशी ही बनवाबनवीलाही लागू होईल.

मी मात्र दोन्ही सिनेमे लॉग करत बसले होते. लॉग म्हणजे एक्सेलची शीट, टाइमकोड (शॉट कितव्या मिनिट-सेकंदाला आहे), फ्रेममध्ये कोण, कॅमेरा कुठे, आवाज कसला, बस. कंटाळवाणं काम आहे, कवीने तर थट्टाच केली, पण तुलना सापडते ती तिथेच. फँड्रीत जब्या, सिनेमातला शाळकरी पोरगा, घरच्यांबरोबर डुक्कर पकडत असतो, ते अगदी टप्प्यात आलेलं असतं आणि शाळेतून जन गण मन सुरू होतं. जब्या आहे तिथे थिजतो, त्याचं बघून घरचे थांबतात, बापही उभा राहतो, आणि डुक्कर निवांत चालत निघून जातं. आता कोर्टमध्ये बघ. एक बाई आपल्या केससाठी पुढे येते, न्यायाधीशांच्या लक्षात येतं की तिने स्लीव्हलेस घातलंय, कोर्टाच्या नियमात बसत नाही, म्हणून सुनावणीच होत नाही, पुढची तारीख. शीटमध्ये या दोन ओळी एकमेकींखाली आल्या तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. दोन्हीकडे नियम आडवा आला की माणसाचं काम थांबतं आणि ज्याचं काम थांबलं तो ब्रही काढू शकत नाही. एकीकडे आपल्याला हसू येतं आणि गळ्यात अडकतं, दुसरीकडे हसूसुद्धा येत नाही कारण कॅमेरा जवळच जात नाही, बाईचा चेहरासुद्धा आपल्याला नीट वाचता येत नाही. हे दोन तुकडे मी एकापाठोपाठ एक लावले, मध्ये एक शब्दही नाही. हे लेखन नाही तर काय आहे मला सांग.

यावर कवीचं म्हणणं, प्रेक्षकांना कळणार नाही, वर निवेदन पाहिजे. आणि त्याने लिहून आणलं, "राष्ट्र आणि न्याय या दोन्ही संस्था इथे मूक होतात." मूक! तिथे जन गण मन चालू आहे!

खरं भांडण झालं ते कोर्टमधल्या त्या काळोखावरून. सुनावण्या संपतात, उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, रिकाम्या खोलीतले दिवे बंद होत जातात आणि मग पडदा काळा, तो काही क्षण काळाच राहतो. वाटतं सिनेमा संपला, आणि मग सुट्टीवर निघालेले न्यायाधीश दिसतात. मला तो काळोख पूर्ण ठेवायचा होता, बिन निवेदनाचा, बिन संगीताचा, आणि तो संपला की थेट फँड्रीतला शाळेच्या भिंतीचा शॉट, ज्यात मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेतायत आणि मागे भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबांची चित्रं आहेत. काळोखानंतर डोळे दिपतात त्यात ती भिंत दिसावी एवढीच माझी इच्छा. कवी म्हणाला एवढा वेळ ब्लॅक ठेवला तर लोकांना वाटेल फाइल करप्ट झाली, त्यावर माझ्या दोन ओळी घालू. दोन ओळी म्हणजे कवितेच्या, त्याच्या स्वतःच्या. हॉस्टेलच्या खोलीत रात्री पंखा बंद करून (रेकॉर्डिंग चालू होतं) घामाने निथळत आम्ही यावर भांडलो, शेवटी मी म्हटलं, तुझ्या ओळी काळोखाच्या आधी घे, काळोख माझा.

स्क्रीनिंगला काळोख आला तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून प्रोजेक्टरकडे बघितलं. कवी माझ्याकडे बघून मान हलवत होता, बघ म्हटलं नव्हतं. आणि मग ती भिंत आली, तेव्हा खोलीत जी शांतता झाली ती मला अजून कुठल्या कामात मिळालेली नाही. नंतर सर उठले आणि म्हणाले, निवेदनाची भाषा फार समृद्ध आहे. मार्क दोघांना सारखेच मिळाले, प्रश्न मार्कांचा नव्हताच.

कवी हल्ली स्टोरीटेलिंगची वर्कशॉप्स घेतो. त्यात तो काळोखाचा किस्सा सांगतो असं कळलं. स्वतःचा म्हणून.

असो. तुझ्याकडे वळते. वर्ड बंद कर आणि दोन कॉलमची शीट उघड, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. आधी डावा कॉलम पूर्ण भर, उजवा रिकामा राहू दे. मग फक्त डावा वाचून बघ, तुझा मुद्दा कितपत कळतोय. जे कळत नाही तेवढंच उजवीकडे लिही, म्हणजे साल, संदर्भ, एखादी माहिती जी डोळ्याला दिसूच शकत नाही. स्क्रीनवर जब्या दगड उचलतोय आणि निवेदनात "जब्या दगड उचलतो" असं येत असेल तर आंधळ्यासाठी कॉमेंट्री चाललीय असं वाटतं. दहा मिनिटं म्हणजे हजार शब्द काठोकाठ, मी म्हणेन सातशे. मराठीत लांब समास केले की शब्द कमी दिसतात आणि वेळ तेवढाच जातो, म्हणून शब्द मोजून फसू नकोस, घड्याळ लावून मोठ्याने वाच.

आधी एका सिनेमाचं सगळं आणि मग दुसऱ्याचं सगळं असं अजिबात करू नकोस. दुसरा सिनेमा येईपर्यंत लोक पहिला विसरलेले असतात आणि तुला "आपण मघाशी पाहिल्याप्रमाणे" म्हणत बसावं लागतं. मुद्दा घे, त्यावर हा आणि तो, पुढचा मुद्दा, पुन्हा हा आणि तो. तीन मुद्दे खूप झाले. आणि सगळ्यांच्या वर एक प्रश्न हवा, विषय नको. जातवास्तव हा विषय झाला. आमचा प्रश्न होता, हे दोन सिनेमे आपल्याला कुठे बसवतात? फँड्रीत आपण नकळत त्या डुकराचा खेळ बघत हसणाऱ्या बघ्यांत बसलेलो असतो आणि शेवटी दगड थेट आपल्यावर येतो. कोर्टमध्ये आपण मागच्या बाकावर, आपली तारीख कधी येतेय याची वाट बघणाऱ्यासारखे, आणि तिथे शेवटी आपल्यावर काहीच येत नाही, रिसॉर्टमध्ये बाकावर डुलकी घेणाऱ्या न्यायाधीशांना पोरं ओरडून उठवतात, ते एका पोराला थोबाडीत देतात आणि परत डोळे मिटतात. हा प्रश्न, बाय द वे, माझा होता. पाटीवर "संकल्पना" कुणाची आहे ते वर सांगितलंच.

एक बघच, कोगोनाडाचा व्हॉट इज निओरिअॅलिझम हा छोटासा व्हिडिओ एसे, २०१३ चा (निओरिअॅलिझम म्हणजे साध्या माणसांचं आयुष्य जसंच्या तसं दाखवणारी इटालियन सिनेमाची धारा). इटालियन दिग्दर्शक डी सिकाने १९५३ मध्ये केलेल्या एका सिनेमाचे दोन कट, म्हणजे दोन आवृत्त्या आहेत, एक त्याचा स्वतःचा आणि एक अमेरिकन निर्माता सेल्झनिकने कापलेला. कोगोनाडा दोन्ही शेजारी शेजारी चालवतो. हिरोहिरॉइन फ्रेममधून गेले की सेल्झनिक लगेच कापतो, डी सिका मात्र थांबतो, मागून येणाजाणाऱ्या अनोळखी माणसांवर. त्यात निवेदन आहे, चांगलंही आहे, पण मुद्दा सिद्ध होतो तो त्या दोन चौकटींत, कात्री कुणाची कधी पडते त्यात. मी हा व्हिडिओ कवीला पाठवला होता. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

बाकी बारीकसारीक. आधी फोनवरच कच्चा व्हीओ (म्हणजे निवेदन) रेकॉर्ड कर, त्यावर एडिट बसव, फायनल रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी, कारण एडिट करताना निम्मी वाक्यं जाणारच आहेत. व्हीओखाली सिनेमाचा आवाज कमी कर पण पूर्ण मारू नकोस. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरचं फुकटचं व्हर्जन पुरतं. क्लिपा कुठून आणायच्या ते मी इथे लिहिणार नाही, ओटीटीवर स्क्रीन रेकॉर्ड केलंस तर बहुतेक वेळा काळंच दिसेल (आणि तो काळोख काही कामाचा नाही).

डिटेल्समध्ये कॉपीराइटचंही विचारलं होतंस. आपल्या १९५७ च्या कायद्यात कलम ५२ आहे, टीका-परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा त्यात आहे, त्यामुळे ज्या तुकड्यावर बोलतेयस तेवढाच वापर, सजावटीला म्हणून क्लिप नको. पण यूट्यूबची कंटेंट आयडी, म्हणजे कॉपीराइटचा मजकूर आपोआप ओळखणारी यंत्रणा, मशीन आहे, ती कलमं वाचत नाही, गाणं ऐकलं की मालकाच्या वतीने क्लेम टाकते. म्हणून गाण्यांचे भाग शक्यतो टाळ, क्लेम आलाच तर डिस्प्यूट करता येतो, आणि सबमिशनची फाइल पेनड्राइव्हवर वेगळी ठेव, लिंकच्या भरवशावर राहू नकोस.

आता थोडं मागे घेते. कवीचा आवाज खरंच चांगला होता, त्याच्याऐवजी मी बोलले असते तर लोक झोपले असते. आणि तुझे सिनेमे कुठले ते तू सांगितलेलं नाहीस, दोन्ही संवादांवर चालणारे असतील, सामना किंवा सिंहासनसारखे, तर माझी ही शांततेची पद्धत तितकी चालणार नाही, तिथे तुला बोलावं लागेल. तुमचे सर लेखी स्क्रिप्टला मार्क देणार असतील तर समृद्ध भाषेतली एक वेगळी प्रिंट काढून जोडून टाक, कुणी अडवलंय.

पण मित्राला आज संध्याकाळीच बोलाव, स्क्रिप्ट पूर्ण झाल्यावर नको. लॉग दोघांनी मिळून करा. आणि शेवटच्या पाटीवर काय लिहायचं ते आत्ताच ठरवून व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं.