मिठाच्या रस्त्यावरची सायकल : परभणीहून एडमंटनला निघालेल्या विद्यार्थ्यास

परभणीहून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. येत्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या एडमंटन शहरी अल्बर्टा विद्यापीठात शिकायला येताना घरची गिअरची सायकल विमानाने आणावी का, एडमंटनच्या हिवाळ्यात रोज सायकल चालवणे जमेल का, आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकतात त्या रसायनांनी सायकल सडते हे खरे का. मी मूळचा अंबाजोगाईचा असून २०१७च्या सप्टेंबरपासून या शहरात राहतो आणि तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात सायकल चालवत आलो आहे. थोडक्यात सांगायचे तर सायकल आणू नका, ती चालवणे नक्की जमेल, आणि सडण्याविषयी आपण जे ऐकले आहे ते खरेच आहे. या तिसऱ्या गोष्टीवरच मी सविस्तर लिहितो, कारण येणारा प्रत्येक जण थंडीची तयारी करून येतो आणि मिठाची तयारी कोणीच करत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पॉट आइस्क्रीम करताना बर्फावर जाडे मीठ टाकतात, ते आपण पाहिले असेलच. मीठ पडले की बर्फ वितळू लागतो, तरीही ते खारे पाणी शून्याच्या बरेच खाली गेलेले असते आणि त्यानेच डब्यातले दूध गोठते. रस्त्यावर नेमके हेच घडवून आणतात. साध्या मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे, वजनाने सुमारे २३ टक्के द्रावण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. परंतु प्रत्यक्ष रस्त्यावर उणे दहाच्या खाली मिठाचे काम इतके मंदावते की त्याचा फारसा उपयोग राहत नाही. म्हणून जिथे थंडी अधिक आहे तिथे मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण उणे ३३ अंशांपर्यंत आणि कॅल्शियम क्लोराइडचे उणे ५०च्या आसपासपर्यंत पातळ राहू शकते. या दोन्ही क्षारांचा एक स्वभाव मात्र सायकलस्वाराला महाग पडतो, तो म्हणजे ते हवेतले पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते, त्यालाही मुख्यतः मिठात राहिलेले मॅग्नेशियम क्लोराइडच कारणीभूत असते. तोच क्षार सायकलच्या चेनवर बसला की रस्ता कोरडा झाला, ऊन पडले, तरी चेन आतून ओलीच राहते, आणि ओल व क्लोराइड एकत्र आले की लोखंडाला दुसरे काही लागत नाही.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात महापालिका सायकलमार्गांवर कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण प्रायोगिक तत्त्वावर फवारत असे, आणि मला त्याची काहीच कल्पना नव्हती. मी जुनी, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची, एकवीस गिअरची सायकल घेतली होती आणि तिची काळजी घेतो आहोत अशा समजुतीने ती रोज रात्री इमारतीच्या उबदार तळघरात उभी करत होतो. फेब्रुवारीत एकदा बॅटरीच्या उजेडात चाक पाहिले, तर प्रत्येक स्पोक जिथे रिममध्ये शिरतो तिथे पिठासारखी पांढरी भुकटी जमलेली होती. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर क्षार धरतो तसाच हा असेल असे समजून मी तो नखाने खरवडला, तेव्हा त्याखालच्या निपलचा, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाचा, तुकडाही भुकटीबरोबर हातात आला. ते मीठ नव्हते, ॲल्युमिनियमच झिजून बाहेर आले होते. मार्चपर्यंत चेनच्या चार कड्या वळेनाशा झाल्या आणि सीटचा दांडा सांगाड्यात असा चिकटला की दोन माणसांनी लावलेल्या पान्यालाही तो दाद देईना. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असतील आणि मध्ये खारे पाणी असेल, तर तिथे छोटा विद्युतघटच तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते, हे आपण बारावीत शिकलेलो असतो. मला मात्र ते त्या सीटच्या दांड्यापाशी समजले.

उबदार तळघर हीच माझी मोठी चूक होती. गंजाची क्रिया थंडीत मंदावते आणि उबेत वेग घेते, त्यामुळे मिठाने माखलेली सायकल न धुता वीस अंशांच्या खोलीत ठेवण्यापेक्षा ती बाहेर गोठलेली बरी. याशिवाय गार सायकल उबेत आणली की तिच्यावर दव धरते, ते पाणी ब्रेकच्या केबलमध्ये आणि फ्रीव्हीलमध्ये उतरते, आणि सकाळी बाहेर पडताच तिथेच त्याचा बर्फ होतो. मग पायडल मोकळे फिरत राहते आणि चाक जागचे हलत नाही. म्हणून दोनच मार्ग आहेत. सायकल छपराखाली बाहेरच ठेवावी, किंवा आत आणायची तर धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी होऊ द्यावी. बाहेरचे नळ हिवाळ्यात बंद असतात. मी न्हाणीघरात सायकल उभी करून अर्धी बादली कोमट पाणी तांब्याने चेन, ब्रेक आणि रिमवर ओततो, जुन्या बनियनने पुसतो आणि चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडतो. आठवड्यातून दोनदा एवढे केले तरी पुष्कळ झाले. जोराच्या फवाऱ्याने मात्र कधीही धुऊ नये, कारण ते पाणी मीठ घेऊन थेट छऱ्यांपर्यंत पोहोचते.

परभणीहून सायकल आणू नका असे मी म्हणतो ते यासाठीच. विमानाचे भाडे भरून चांगली सायकल आणायची आणि ती मिठात घालायची यात काही अर्थ नाही. सप्टेंबरमध्ये इथे जुन्या सायकली स्वस्त मिळतात. त्यांतली अशी निवडा जिला पूर्ण लांबीचे मडगार्ड आहेत आणि जिचे गिअर चाकाच्या हबमध्ये बंद आहेत, किंवा जिला गिअरच नाहीत. पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असेल तर फारच उत्तम, कारण त्यात गोठायला केबलच नसते. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी सीटचा दांडा काढून त्याला भरपूर ग्रीस लावा आणि महिन्यातून एकदा तो फिरवत राहा. स्पोकचे निपल पितळी आहेत ना, हेही पाहून घ्या. चेनची मात्र माया धरू नका. आपल्याकडे वडिलांच्या काळ्या सायकलची चेन पिढीभर चालते. इथे ती दर एप्रिलमध्ये बदलायची वस्तू आहे.

टायरच्या बाबतीत काटकसर करू नये. खिळ्यांचे टायर मिळतात. श्वाल्बे आणि नोकियन ही त्यांतली जुनी नावे आहेत. खिळे टंगस्टन कार्बाइडचेच असावेत, कारण मिठामुळे निम्मा रस्ता उघड्या डांबराचा असतो आणि साधे पोलादी खिळे त्यावर लवकर झिजतात. दिवसा वितळलेले पाणी रात्री चौकात काचेसारखे गोठते, तिथे हे खिळे खरोखर पडण्यापासून वाचवतात. एका ठिकाणी मात्र त्यांचाही इलाज चालत नाही. मीठ, वाळू आणि बर्फ रहदारीखाली दळले गेले की गुळाच्या पावडरीसारखा भुसभुशीत, तपकिरी थर तयार होतो. इथले लोक त्याला ब्राऊन शुगर म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे, तेव्हा घरी फोनवर सांगताना जपून. त्यात पुढचे चाक आपली वाट आपणच शोधू लागते. अशा वेळी हँडल घट्ट धरून ठेवू नये, वजन मागे घ्यावे, पायडल थांबवू नये, आणि तरीही जमत नसेल तर निमूटपणे उतरून चालावे.

त्या प्रायोगिक फवारणीवर गाड्या गंजण्यावरून बराच वाद झाला आणि ऑक्टोबर २०१९मध्ये महापालिकेच्या सभागृहाने रस्त्यांवर कॅल्शियम क्लोराइडचा वापर थांबवण्याचा निर्णय घेतला. मीठ आणि वाळू मात्र थांबलेली नाही. कॅनडाच्या केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने रस्त्यावरचे मीठ घातक असल्याचा निष्कर्ष २००१मध्येच काढला होता, तरी देशभर वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडते असे सांगितले जाते. एप्रिलमध्ये बर्फ हटला की मार्गाच्या कडेचे गवत हातभर रुंदीत जळालेले दिसते. चोपण जमीन पाहिलेल्या माणसाला त्याचे कारण कोणी सांगावे लागत नाही.

परभणीचा पारा पाचाच्या खाली गेला तर वर्तमानपत्रात बातमी येते. इथे उणे तीसचेही काही दिवस येतात. त्या दिवशी मी मेट्रोने जातो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, म्हणून पुढे-मागे दिवे हवेतच. त्यांच्या बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, त्या रात्री घरात काढून आणाव्यात. कपड्यांविषयी विद्यापीठातले कोणीही सांगेल. एवढेच लक्षात ठेवा की पँटच्या खालच्या काठावर आणि बुटांवर मिठाचे पांढरे ओघळ उमटतात, तेव्हा कातड्याचे चांगले बूट घरीच ठेवावेत.

निघायला आपल्याला अजून दोन महिने आहेत. ओळखीच्या सायकल दुकानात आठवडाभर संध्याकाळी जाऊन बसा आणि चेन तोडून जोडणे, चाक खोलून छरे बदलणे, ब्रेकची केबल घालणे हे स्वतःच्या हाताने करून पाहा. इथे या कामांची मजुरी इतकी आहे की दोन वेळा दुकानात गेलात तर जुन्या सायकलची किंमत तिथेच खर्च होते. चेन तोडायचा पाना आणि चाकाच्या मापाचे पाने येतानाच सामानात टाका, पण ते हातातल्या बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतील.