उन्हाळी सोयाबीनचा दाणा बारीक का पडला? उष्णतेने तेल आणि प्रथिनंही कमी होतात का?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीच्या शेवटी बियाण्यासाठी सोयाबीन पेरलं, झाड जोमदार आलं, पण शेंगा कमी लागल्या आणि दाणा बारीक, सुरकुतलेला निघाला. वाणात खोट आहे का, हा तुमचा प्रश्न. मी लातूरकडे सोयाबीन करतो, उन्हाळी बीजोत्पादनही घेतो. मला यात वाणापेक्षा पेरणीची तारीख नडलेली दिसते.

हिशोब करून बघा. जानेवारीअखेरचा पेरा मार्चच्या मध्याला फुलोऱ्यात येतो आणि दाणे भरायला एप्रिल उजाडतो. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी गाठतो. सोयाबीन एरवीही निम्म्याहून जास्त फुलं गाळतं. त्यात पस्तिशीच्या वर ऊन गेलं की परागकण निकामी होतात आणि शेंगा धरत नाहीत. ज्या धरतात, त्यांना भरायला दिवस कमी मिळतात. रात्रीही गरम असतील तर दिवसा पानांनी तयार केलेलं अन्न झाड श्वसनातच खर्च करतं, दाण्यापर्यंत थोडंच पोचतं. म्हणूनच भरपूर पाणी देऊनही तुमचा दाणा टपोरा झाला नाही.

आता तेल आणि प्रथिनं. साधारणपणे दाण्यात 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल असतं. ऊब वाढते तसं तेल एका मर्यादेपर्यंत, म्हणजे सरासरी 28 अंशांच्या आसपासपर्यंत, वाढतं आणि पुढे घसरतं. कडक उष्णतेत प्रथिनांचा टक्का बहुधा वर जातो. त्यावर खूश होऊ नका, कारण दाणाच लहान असल्याने एकरी प्रथिनं कमीच मिळतात. मोठा बदल तेलाच्या घडणीत होतो. तेल ज्या स्निग्ध आम्लांचं बनतं, त्यातलं ओलेइक वाढतं, लिनोलेनिक घटतं. असं तेल लवकर खवट होत नाही, ही जमेची बाजू. पण लिनोलेनिक म्हणजेच वनस्पतीतलं ओमेगा-3, ते आहारातून कमी होतं. दाण्यातली साखरही उतरते. खाण्यासाठी हा माल वाईट नाही, बियाण्यासाठी मात्र मला तो धोक्याचा वाटतो.

तेव्हा हे बियाणं उगवण तपासल्याशिवाय खरिपात पेरू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा. 70 तरी नीट उगवले पाहिजेत. खालच्या-वरच्या सगळ्या पोत्यांतले दाणे घ्या. उन्हाळ्यात माल फार वाळतो, मळणीत टरफल तडकतं, तेही बघा. पुढच्या वर्षी मळणी यंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या आत ठेवा.

आणि पेरणी डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात उरका, फार तर जानेवारीचा पहिला आठवडा. पारा 10 अंशांखाली असेल तर थोडं थांबा, थंडीत उगवण रेंगाळते. पण संक्रांतीनंतर रान मोकळं झालं तर मी तिथे सोयाबीन टाकत नाही, सरळ उन्हाळी मूग किंवा भुईमूग घेतो.